गॅरी किल्डॉल आणि सीपी/एम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी संगणकाचे क्लास घेते. नवी बॅच आली की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हात वर करतं, “मॅडम, ड्राइव्ह सीपासूनच का सुरू होतो? ए आणि बी कुठे गेले?” ‘ते फ्लॉपीचे होते’ एवढं सांगून मोकळं होता येतं. मला ते जमत नाही, कारण त्या दोन अक्षरांमागे एक माणूस आहे आणि त्याची गोष्ट बहुतेक ठिकाणी अर्धवट सांगितली जाते. गॅरी किल्डॉल यांच्याबद्दल मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी इतक्या वर्षांत जे जे विचारलं, ते उत्तरांसकट इथे लिहून ठेवते आहे.

आधी तेच सांगा. सी ड्राइव्हच का?

किल्डॉल यांच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये पहिल्या फ्लॉपी ड्राइव्हला ए आणि दुसऱ्याला बी म्हणत. अक्षरांनी ड्राइव्ह ओळखायची कल्पना आयबीएमच्या मोठ्या संगणकांवरच्या सीपी/सीएमएसमध्ये आधीपासून होती. छोट्या संगणकावर ती किल्डॉल यांनी आणली. १९८१ साली आयबीएम पीसी आला तेव्हा त्याच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टीमने हीच पद्धत उचलली. त्या पीसीला दोन फ्लॉपी ड्राइव्ह असत, ए आणि बी. १९८३च्या पीसी एक्सटीमध्ये हार्ड डिस्क आली आणि तिच्या वाट्याला पुढचं अक्षर आलं, सी. पुढे फ्लॉपी गेल्या, तरी त्यांची अक्षरं कुणी दुसऱ्याला दिली नाहीत.

किल्डॉल कोण होते?

जन्म १९ मे १९४२, सिएटल, अमेरिका. घराणं नॉर्वेजियन वंशाचं आणि दर्यावर्दी. सिएटलमध्ये त्यांच्या कुटुंबाची नौकानयन शिकवणारी शाळा होती, आणि तरुण गॅरीही तिथे शिकवत. वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी प्रवेश घेतला तो गणिताचा शिक्षक व्हायचं म्हणून. तिथे संगणक भेटला आणि वाट बदलली.

शिक्षक मात्र ते झालेच. व्हिएतनाम युद्धाचा काळ होता, लष्करी सेवा चुकत नव्हती. ती त्यांनी कॅलिफोर्नियात मॉन्टेरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात शिकवून पूर्ण केली. १९७२ साली वॉशिंग्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली आणि ते पुन्हा मॉन्टेरेलाच शिकवायला आले.

त्या डॉक्टरेटकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून मुद्दाम सांगते. कंपायलरने, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने, तो वाचताना कुठल्या चलाची किंमत कुठपर्यंत पोचते, कुठलं गणित उगाच दोनदा होतं, हे संपूर्ण प्रोग्रॅमभर शोधायची शिस्तशीर गणिती पद्धत त्यांनी मांडली. १९७३ साली त्यावरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. कंपायलर शिकणाऱ्यांना ‘डेटाफ्लो ॲनालिसिस’ या प्रकरणात तो आजही भेटतो. सीपी/एम त्यांनी लिहिलंच नसतं, तरी संगणकशास्त्रात त्यांचं नाव राहिलं असतं.

प्राध्यापक माणूस चिपच्या नादाला कसा लागला?

मॉन्टेरेहून सिलिकॉन व्हॅली गाडीने तासाभराच्या अंतरावर. इंटेलने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणल्याचं किल्डॉल यांना कळलं आणि त्यांनी एक मागवला. विद्यालयातल्या सहकाऱ्यांना ते खेळणं वाटलं असणार, कारण त्या काळी संगणक म्हणजे खोलीभर लोखंड. किल्डॉल यांच्या डोक्यात मात्र वडिलांचं काम होतं. जहाजाचं स्थान काढायला त्रिकोणमितीची किचकट गणितं हातानं करावी लागत, आणि ती सोडवणारं एखादं यंत्र असावं ही वडिलांची जुनी इच्छा. मुलगा त्या चिमुकल्या चिपवर साइन-कोसाइन बसवायला लागला.

चिपसाठी प्रोग्रॅम लिहायची नीट सोय नव्हती, म्हणून त्यांनी मोठ्या संगणकावर चालणारा सिम्युलेटर लिहिला. खरी चिप समोर नसतानाही तिच्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम त्यावर तपासता येई. इंटेलला हे आवडलं. आठवड्यातला शिकवणीचा नसलेला दिवस ते इंटेलमध्ये सल्लागार म्हणून घालवू लागले. मोबदल्यात त्यांना इंटेलची डेव्हलपमेंट यंत्रं मिळाली. ती त्यांनी विद्यालयात मांडली आणि विद्यार्थ्यांना वापरायला दिली.

पीएल/एम म्हणजे काय?

१९७३ साली किल्डॉल यांनी इंटेलसाठी तयार केलेली प्रोग्रॅमिंगची भाषा. मायक्रोप्रोसेसरसाठी बनलेली पहिली उच्चस्तरीय भाषा म्हणून ती ओळखली जाते. त्याआधी ८००८ चिपसाठी एकेक सूचना असेंब्लीत, म्हणजे थेट चिपच्या बोलीत, लिहावी लागे. सीपी/एमचा मुख्य भाग सुरुवातीला याच भाषेत लिहिला होता. इंटेलने पीएल/एम घेतली, सीपी/एम नाही. त्यांच्यासाठी चिप हा धंदा होता, डिस्क सांभाळणारा प्रोग्रॅम नव्हे.

सीपी/एमचा जन्म कसा झाला?

डिस्कच्या हट्टापायी. तेव्हा प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून साठवत. पट्टी टेलिटाइपवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या टंकयंत्रावर, कुरकुरत पुढे सरकायची, फाटली की पुन्हा पहिल्यापासून. शुगार्ट कंपनीचा आठ इंची फ्लॉपी ड्राइव्ह बाजारात होता. किल्डॉल यांनी कंपनीकडून चाचणीत वापरून झालेला एक ड्राइव्ह मिळवला. पण ड्राइव्ह आणि इंटेलचं यंत्र यांच्यामध्ये कंट्रोलर हवा, आणि इलेक्ट्रॉनिक्स हा त्यांचा प्रांत नव्हता. ड्राइव्ह काही काळ नुसता पडून राहिला. शेवटी वॉशिंग्टन विद्यापीठातले मित्र जॉन टोरोड यांनी कंट्रोलर बनवून दिला.

१९७४ साली पॅसिफिक ग्रोव्हमधल्या किल्डॉल यांच्या घरामागच्या अवजारांच्या शेडमध्ये या दोघांनी सगळं जोडलं. सीपी/एम पट्टीवरून फ्लॉपीवर चढवलं, फ्लॉपीवरून यंत्र सुरू केलं आणि टेलिटाइपवर एक तारांकन उमटलं. सूचना घ्यायला सिस्टीम तयार असल्याची ती खूण होती. टेबलावर मावेल अशा यंत्राने स्वतःच्या डिस्कवरून स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम उचलली होती. मी हा प्रसंग शिकवताना त्या तारांकनापाशी दरवेळी थांबते. तोवर असं यंत्र म्हणजे प्रयोगशाळेतला जोडकामाचा ढीग होता. त्यानंतर एकट्या माणसाला त्यावर बसून काम करता येऊ लागलं.

पूर्ण नाव काय?

आधी ‘कंट्रोल प्रोग्रॅम/मॉनिटर’, नंतर ‘कंट्रोल प्रोग्रॅम फॉर मायक्रोकॉम्प्युटर्स’.

बायॉस हा शब्द त्यांचाच का? आणि तुम्ही त्याचं एवढं कौतुक का करता?

शब्द त्यांचाच. आणि माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर घरोघरचे हौशी लोक संगणकाचे संच जोडायला लागले होते. प्रत्येक कंपनीचं यंत्र वेगळं. टर्मिनल जोडायची तऱ्हा वेगळी, डिस्कचा कंट्रोलर तर हमखास वेगळा. ऑपरेटिंग सिस्टीम एका यंत्रासाठी लिहिली की दुसऱ्यावर चालवण्यासाठी सगळी उसवून पुन्हा शिवावी लागे. किल्डॉल यांनी हे दोन-तीन यंत्रांसाठी केलं. मग इमसाई कंपनीचं यंत्र आलं. तिथले ग्लेन युइंग सीपी/एम मागायला आले तेव्हा पुन्हा तेच काम करायचा किल्डॉल यांना कंटाळा आला होता. त्यांनी सिस्टीमचे दोन भाग केले. यंत्राशी थेट बोलणारं सगळं काढून एका छोट्या तुकड्यात घातलं आणि त्याला नाव दिलं ‘बेसिक इनपुट/आउटपुट सिस्टीम’, म्हणजे बायॉस. उरलेल्या भागाला यंत्राची काहीच माहिती नको. युइंग यांना सांगितलं, तुमच्या यंत्रापुरता हा तुकडा तुम्ही लिहा.

सीपी/एम २.२ मध्ये या तुकड्याला सतरा दारं होती. कीबोर्डवरून एक अक्षर घे, पडद्यावर एक अक्षर टाक, डिस्क निवड, ट्रॅक निवड, सेक्टर निवड, वाच, लिही, अशी साधी कामं. वरचा भाग, म्हणजे बीडॉस, फाइली सांभाळायचा. त्याच्याशी बोलायचं दार एकच, मेमरीतला पाच क्रमांकाचा पत्ता. हव्या त्या कामाचा क्रमांक सी नावाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपच्या आतल्या छोट्या खणात, ठेवायचा आणि पाचला हाक मारायची.

क्लासमध्ये मी फळ्यावर हिशेब मांडते. समजा वीस कंपन्यांची वीस यंत्रं आहेत आणि वीस प्रोग्रॅम. प्रत्येक प्रोग्रॅम प्रत्येक यंत्रासाठी बसवायचा तर चारशे वेळा तेच काम. मध्ये किल्डॉल यांची फळी टाकली की वीस बायॉस आणि वीस प्रोग्रॅम, एवढ्यावर भागतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला गिऱ्हाईक कुठलं यंत्र वापरतं हे विचारायचीच गरज उरत नाही. सॉफ्टवेअर डब्यात घालून दुकानात विकता येतं, ते या फळीमुळे. आज आपण एकाच ठिकाणाहून ॲप उतरवून वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवर चालवतो, त्याचं मूळ मला या फळीत दिसतं.

नव्या यंत्रांत आता बायॉसच्या जागी यूईएफआय असतं. तरी दुरुस्तीवाला अजून ‘बायॉसमध्ये जाऊन बघतो’ असंच म्हणतो.

सीपी/एम वापरायला कसं होतं?

पडद्यावर ए आणि त्यापुढे बाणाची खूण. तिथे ‘डिर’ टाइप केलं की फाइलींची यादी, ‘एरा’ म्हणजे फाइल पुसणं, ‘रेन’ म्हणजे नाव बदलणं, ‘टाइप’ म्हणजे मजकूर दाखवणं. कॉपी करायला ‘पिप’ नावाचा प्रोग्रॅम. त्यात आधी कुठे न्यायचं ते लिहायचं, मग कुठून. नवशिका हमखास उलटं लिही. फाइलीच्या नावाला आठ अक्षरं आणि टिंबानंतर तीन. हे आठ-तीनचं माप पुढे डॉसमध्ये गेलं आणि आपल्यापैकी कित्येकांनी पत्रांना चमत्कारिक तुटकी नावं दिली.

आणखी एक खोड होती. फ्लॉपी बदलली की कंट्रोल आणि सी दाबून सिस्टीमला तसं कळवावं लागे. विसरलात आणि नव्या फ्लॉपीवर लिहायला गेलात, तर सिस्टीमला डिस्क बदलल्याचा सुगावा लागे आणि ‘बीडॉस एरर ऑन बी : आर/ओ’ (आर/ओ म्हणजे फक्त वाचा, लिहू नका) असं येऊन काम थांबे. अर्ध्या तासाचं टाइप केलेलं त्यात जाऊ शकत असे. त्रासदायक होतंच. पण त्यामागचा विचार बघा. जुन्या फ्लॉपीची यादी मनात धरून नव्या फ्लॉपीवर लिहिलं असतं, तर तिच्यावरच्या फाइलींचा खुर्दा झाला असता. सिस्टीमने काम थांबवलं, पण फ्लॉपी वाचवली.

एक गोष्ट तर मुलांना फार आवडते. आठ इंची फ्लॉपीवर ७७ ट्रॅक, म्हणजे गोल पट्टे, प्रत्येक ट्रॅकवर २६ सेक्टर, म्हणजे तुकडे, आणि प्रत्येक सेक्टरमध्ये १२८ बाइट. म्हणजे सगळी फ्लॉपी सुमारे अडीच लाख बाइटची, मोबाइलवरच्या एका फोटोलाही अपुरी. ती मिनिटाला ३६० फेरे फिरते. एक नंबरचा सेक्टर वाचून तो मार्गी लावेपर्यंत दोन नंबरचा ड्राइव्हच्या वाचणाऱ्या डोक्याखालून (हेडखालून) निघून गेलेला. मग तो पुन्हा यायची वाट बघत जवळजवळ पूर्ण फेरा वाया, आणि हे प्रत्येक सेक्टरला. किल्डॉल यांनी क्रमच बदलला. आधी १, मग ७, १३, १९, २५, मग ५, ११, १७, २३, असं सहा-सहा पुढे. एकाचं काम उरकेपर्यंत पुढचा हवा असलेला सेक्टर डोक्याखाली येऊन पोचतो. यंत्र तेच, फ्लॉपी तीच, नुसत्या मोजणीच्या क्रमाने वेग वाढला. मी मुलांना वहीवर गोल काढून २६ घरं पाडायला लावते आणि बोट फिरवत मोजायला सांगते. दुसऱ्या फेऱ्यात सगळ्यांना उमगतं.

हे सगळं किती जागेत बसायचं?

सीपी/एम २.२ मध्ये आज्ञा वाचणारा भाग दोन किलोबाइट, बीडॉस साडेतीन किलोबाइट. त्याखाली बायॉस, यंत्रागणिक कमी-जास्त. या लेखातल्या अक्षरांनाच त्याहून जास्त जागा लागते.

कंपनी कोणी काढली?

किल्डॉल आणि त्यांच्या पत्नी डोरोथी मॅकइवेन या दोघांनी. सुरुवातीचं नाव ‘इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च’, पुढे नुसतं ‘डिजिटल रिसर्च’. धंद्याची बाजू डोरोथी बघत. करार, गिऱ्हाइकं, टपाल, सगळं. पॅसिफिक ग्रोव्हमधल्या लाइटहाउस ॲव्हेन्यूवरच्या घरातून कारभार चाले. हौशी माणसाला टपालाने ७० डॉलरमध्ये सीपी/एम मिळे. यंत्र बनवणाऱ्या कंपन्या परवाना घेत. इमसाईने २५,००० डॉलरला घेतला. इमसाईच्या बाजूने तो सौदा करणारे होते सेमूर रुबिनस्टाइन. हे नाव लक्षात ठेवा, पुढच्याच उत्तरात येतंय.

आमच्या क्लासमध्ये वर्डस्टार आणि डीबेस शिकवत. त्यांचा याच्याशी काय संबंध?

थेट. रुबिनस्टाइन इमसाई सोडून बाहेर पडले आणि मायक्रोप्रो ही कंपनी काढली. १९७८ साली तिने वर्डस्टार हा मजकूर लिहायचा प्रोग्रॅम आणला तो सीपी/एमवरच. लिहिला रॉब बार्नबी यांनी, तेही आधी इमसाईतच होते. नोंदी ठेवायच्या डीबेसचं मूळ वेन रॅटलिफ यांनी घरच्या इमसाईवर लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये आहे. हे दोन्ही पुढे डॉसवर आले आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आपल्याकडच्या क्लासांतून घरोघर पोचले.

मी स्वतः वर्डस्टारच शिकले. कंट्रोल-के-बीने मजकुराची सुरुवात, कंट्रोल-के-केने शेवट, कंट्रोल-के-व्हीने हलवायचा. बोटांना ते अजून येतं. हे सगळं सीपी/एमच्या काळातल्या, बाणाची बटणं नसलेल्या कीबोर्डांसाठी आखलं होतं, हे फार नंतर कळलं. म्हणून तर कंट्रोलबरोबर ई, एक्स, एस, डी या चार अक्षरांनी कर्सर वर-खाली, डावीकडे-उजवीकडे जाई. कीबोर्डवर त्या चार कळा बघा, त्यांचा चौफुला दिसेल.

आयबीएमचे लोक आले त्या दिवशी किल्डॉल विमान उडवायला गेले होते, हे खरं का?

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हा. आणि सगळ्यात जास्त राग येतो तोही याच गोष्टीचा.

जे घडलं ते असं. १९८० साली आयबीएम गुपचूप पीसी बनवत होती. जॅक सॅम्स आणि मंडळी मायक्रोसॉफ्टकडे गेली. ऑपरेटिंग सिस्टीमसाठी बिल गेट्स यांनी त्यांना किल्डॉल यांच्याकडे पाठवलं. आयबीएमचे लोक पॅसिफिक ग्रोव्हला आले तेव्हा सकाळी किल्डॉल खरंच घरी नव्हते. ते स्वतःचं विमान घेऊन बिल गॉडबाउट या गिऱ्हाइकाकडे गेले होते, कामासाठी. किल्डॉल उत्तम वैमानिक होते आणि आपण गाडी काढतो तसं ते विमान काढत.

घरी डोरोथी होत्या. बोलणी त्याच करत असल्यामुळे त्यात नवल काही नाही. आयबीएमने सगळ्यात आधी गोपनीयतेचा करार पुढे केला. तो एकतर्फी होता. आयबीएमने सांगितलेलं सगळं गुप्त ठेवायचं, पण यांनी सांगितलेल्या गोष्टींना तेवढं संरक्षण नाही. डोरोथी यांनी वकील गेरी डेव्हिस यांचा सल्ला घेतला आणि सही केली नाही. स्वतःच्या मुख्य मालाची राखण करणाऱ्या बाईने हेच करायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

किल्डॉल यांनी सांगितल्याप्रमाणे ते दुपारी परत आले आणि बोलणीत सामील झाले. सॅम्स यांना त्यांची भेट झाल्याचं आठवत नव्हतं. या दोन आठवणींचा मेळ बसत नाही.

पण अडलं ते विमानामुळे नाही, पैशाच्या आकारामुळे. आयबीएमला सीपी/एमसाठी एकरकमी अडीच लाख डॉलर देऊन मोकळं व्हायचं होतं. डिजिटल रिसर्च प्रत्येक प्रतीमागे स्वामित्वधन घेत आली होती, तसंच तिला हवं होतं. शेकडो छोट्या गिऱ्हाइकांकडून प्रतीमागे पैसे घ्यायचे आणि एका बड्याला ठोक भावात सगळं देऊन टाकायचं, हे त्यांना न्यायाचं वाटलं नाही.

‘गॅरी उडायला गेला आणि अब्जावधी घालवले’ असं एका ओळीत सांगायला सोपं जातं. त्या ओळीत डोरोथी नाहीत, करार नाही, बायॉस नाही, पीएल/एम नाही. माझ्या क्लासमध्ये मी ती ओळ कुणाला म्हणू देत नाही.

मग डॉस कुठून आलं? ते सीपी/एमची चोरी होती का?

सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीत टिम पॅटरसन ८०८६ चिपची यंत्रं बनवत होते. सीपी/एमची ८०८६साठीची आवृत्ती येता येत नव्हती, म्हणून १९८० साली त्यांनी स्वतः एक सिस्टीम लिहिली. तीच पुढे ८६-डॉस. मायक्रोसॉफ्टने आधी तिचा परवाना घेतला, मग जुलै १९८१मध्ये ५०,००० डॉलरला ती पूर्ण विकत घेतली. आयबीएमला दिली (तिथे तिचं नाव पीसी डॉस), पण इतरांना एमएस-डॉस म्हणून विकण्याचा हक्क स्वतःकडे राखला. खरी दौलत त्या एका कलमात होती.

आता चोरीचं. पॅटरसन यांनी सीपी/एमच्या माहितीपुस्तकाबरहुकूम हाका ठेवल्या, म्हणजे जुने प्रोग्रॅम सहज नव्या चिपवर आणता यावेत. खुणा आजही दिसतात. डॉसच्या कॉम प्रकारच्या प्रोग्रॅम-फाइली मेमरीत हेक्स १०० (हेक्स म्हणजे सोळाच्या पटीतली मोजणी) या पत्त्यापासून सुरू होतात, जसे सीपी/एमचे प्रोग्रॅम. पाच क्रमांकाच्या पत्त्यावर हाक मारायची सोय डॉसने ठेवली. हेक्स ५सीला फाइलीची नोंद, हेक्स ८०ला आज्ञेची शेपटी, तेही तसंच. मात्र फाइली डिस्कवर कुठे आहेत याची नोंद ठेवायची डॉसची पद्धत वेगळी होती, ती मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमधल्या फॅट या रचनेवरून आली. कोड उचलल्याचा आरोप पॅटरसन यांनी कायम नाकारला आणि नंतर झालेल्या तपासणीतही उचललेला कोड सापडला नाही.

माझं मत विचाराल तर, घराचा नकाशा किल्डॉल यांचा, विटा पॅटरसन यांनी स्वतः भाजलेल्या. नकाशाचं श्रेय द्यायला कुणाचं काही गेलं नसतं.

सीपी/एमलाही आयबीएमवर संधी मिळाली होती ना?

मिळाली. किल्डॉल यांनी पीसी डॉस पाहिलं आणि कोर्टात जायची तयारी दाखवली. आयबीएमने सीपी/एम-८६ही विकायचं कबूल केलं आणि डिजिटल रिसर्चने दावा न करण्याचं. मग दुकानात किमती लागल्या. पीसी डॉस ४० डॉलर, सीपी/एम-८६ २४० डॉलर. शिवाय ते काही महिने उशिरा आलं. गिऱ्हाईक काय उचलणार?

त्यानंतर त्यांनी काय केलं?

बरंच, आणि वेळेच्या आधी. एकाच यंत्रावर अनेकांनी काम करायची एमपी/एम ही सिस्टीम १९७९ सालीच आली होती. एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालवणारी कन्करंट सीपी/एम नंतर आली. चित्रं आणि माउसवर चालणारं जेम आलं. ॲपलने आक्षेप घेतल्यावर पीसीवरच्या जेममधून डेस्कटॉपवरची कचरापेटी आणि हलवता येणाऱ्या खिडक्या काढाव्या लागल्या. अटारी एसटी या संगणकावर मात्र जेम मूळ रूपात राहिलं. डिजिटल रिसर्चमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी जेमवर चालणारं व्हेंचुरा पब्लिशर केलं. नव्वदच्या आसपास मराठी डीटीपीच्या दुकानात ज्यांनी रात्री जागवल्या आहेत, त्यांना व्हेंचुरा वेगळं सांगायला नको.

१९८८ साली डीआर डॉस आलं, एमएस-डॉसला खरी स्पर्धा देणारं. १९९१मध्ये कंपनी नॉव्हेलने घेतली.

किल्डॉल यांचं स्वतःचं मन तोवर चकत्यांमध्ये रमलं होतं. १९८४मध्ये त्यांनी वेगळी कंपनी काढली आणि १९८५मध्ये ग्रोलियरचा विश्वकोश सीडी-रॉमवर आणला. शब्द टाकला की लेख समोर येई. पीसीसाठीचा सीडीवरचा हा पहिला विश्वकोश.

१९८३ ते १९९० या काळात अमेरिकेतल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर ‘कॉम्प्युटर क्रॉनिकल्स’ या कार्यक्रमात ते स्टुअर्ट शेफे यांच्याबरोबर दिसत. त्याचे भाग इंटरनेटवर आहेत, जरूर बघा. कुणी आपलं नवं उत्पादन दाखवत असतं आणि किल्डॉल हळू आवाजात नेमका प्रश्न विचारतात. प्रतिस्पर्ध्याचं काम चांगलं असेल तर तसं म्हणतात. शिक्षक कसा असावा हे मी त्यांच्या त्या बोलण्यातून शिकले.

त्यांचे विद्यार्थी कोण?

गॉर्डन युबँक्स यांचं नाव सगळ्यात आधी घ्यायला हवं. नौदलातले अधिकारी असताना ते मॉन्टेरेला किल्डॉल यांच्या हाताखाली शिकले. प्रबंधासाठी त्यांनी बेसिक-ई ही भाषा केली, तिच्यातून पुढे सीबेसिक आली. नंतर त्यांनी सिमँटेक नावारूपाला आणली.

किल्डॉल यांचा शेवट कसा झाला?

जुलै १९९४मध्ये मॉन्टेरेत पडल्यामुळे त्यांच्या डोक्याला मार लागला आणि ११ जुलै रोजी ते गेले. वय ५२. शेवटच्या वर्षांत त्यांनी आत्मकथन लिहिलं होतं, ते फक्त जवळच्यांना दिलं होतं. २०१६मध्ये कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने किल्डॉल यांच्या मुलांच्या संमतीने त्याचा सुरुवातीचा भाग खुला केला. नंतरची प्रकरणं कुटुंबाने मागे ठेवली आहेत आणि ती आपण मागू नयेत.

२०१४च्या एप्रिलमध्ये लाइटहाउस ॲव्हेन्यूवरच्या त्या घरापाशी आयईईई या संस्थेने सीपी/एमच्या स्मरणार्थ फलक बसवला.

आज सीपी/एम चालवून बघता येईल का?

येईल, आणि बघाच. २०१४मध्ये कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने सीपी/एमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा सोर्स कोड खुला केला. साध्या लॅपटॉपवर सिमएच नावाचा फुकट एम्युलेटर टाकला की जुन्या आल्टेअर यंत्राची नक्कल उभी राहते आणि तिच्यावर सीपी/एम २.२ चालतं. हाताने जोडायची हौस असेल तर झेड८० चिपचे संच मिळतात. झायलॉगने २०२४मध्ये ती मूळ चिप बनवणं थांबवलं, पण बाजारात अजून माल आहे.

सुरू झालं की ए आणि बाण दिसेल. आधी ‘डिर’ करा. मग ‘पिप’ने एक फाइल ‘ए’कडून ‘बी’कडे न्या, आणि आधी कुठे, मग कुठून, हे विसरू नका. ते जमलं की बीमधली फ्लॉपी एम्युलेटरमध्ये बदला, कंट्रोल-सी मुद्दाम दाबू नका, आणि तिच्यावर काहीतरी लिहायला जा. बीडॉस तुम्हाला अडवेल.